सगळ्या फायली वाचल्या म्हणाला

ताईची नेमणूकच गोंधळ घालण्यासाठी झाली आहे, असं ऑफिसात सगळे म्हणायचे आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. कंपनी कंपायलर बनवायची. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देतो तो कंपायलर. बाकीची मंडळी तो अधिक हुशार व्हावा म्हणून झटत, आणि ताई एका कोपऱ्यात बसून त्याला कुठे कोड्यात पाडता येईल ते शोधत असे. शहाण्या माणसानं कधी लिहू नयेत असले प्रोग्रॅम ती लिहायची. लिहिताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते बघून नवीन आलेले लोक जरा बिचकायचे.

तिचा खास प्रांत म्हणजे एकाच नावाच्या दोन मेथड. मेथड म्हणजे प्रोग्रॅममधलं एक ठरलेलं काम, नावानं हाक मारली की होणारं. एका नावाची दोन कामं ठेवायला परवानगी असते. हाकेबरोबर काय काय दिलं आहे ते बघून कंपायलर त्यातलं एक निवडतो. बहुतेक वेळा ते सरळ असतं, पण कधीकधी दोन्ही सारखीच जुळतात. बैठकीच्या खोलीत दोन काका बसलेले असावेत आणि आतून कुणीतरी म्हणावं, काकांना चहा नेऊन दे, तसं. कप घेऊन आलेली पोरगी जवळच्या काकापुढे कप ठेवते, आणि दुसरे काका पुढे वर्षभर ते काढत बसतात. ताईचं म्हणणं असं की कंपायलरनं हे मुकाट्यानं करू नये. एक काका निवडावा, हरकत नाही. पण निवडताना सांगावं की बाबांनो, इथे दोघं होते, मी यांना दिला, तुम्हाला हेच हवे होते ना ते बघून घ्या. या सांगण्याला वॉर्निंग म्हणतात. ती येते का, योग्य जागी येते का, उगाच भलतीकडे तर येत नाही ना, एवढंच तपासण्यात ताईच्या नोकरीतली सगळी वर्षं गेली होती.

वॉर्निंग कुणालाच आवडत नाही. प्रोग्रॅम चालतोय ना, मग ही मध्येच कशाला बडबडते, असं जो तो म्हणतो. ताईला हे पाठ होतं. लोक वैतागतात तेव्हाच ती कामाला येते, असं ती म्हणायची, आणि मग लोक तिच्यावरही वैतागायचे.

तपासण्याची पद्धत अशी होती. तिचा असा एकेक प्रोग्रॅम म्हणजे एक टेस्ट, आणि प्रत्येक टेस्टच्या शेजारी एक फाइल असायची. हा प्रोग्रॅम दिला की कंपायलरनं नेमकं काय म्हणायला हवं, ते तिच्यात शब्दशः लिहिलेलं. कंपायलर त्याहून वेगळं बोलला, किंवा बोलायचं ते बोललाच नाही, तर टेस्ट लाल. मग कुणीतरी बसून ठरवायचं की कंपायलर चुकला की फाइल जुनी झाली. फाइल जुनी झाली असेल तर नवं बोलणं फायलीत उतरवायचं. याला अॅक्सेप्ट म्हणत. एकेका फायलीसाठी एक बटण होतं, आणि ज्याला एवढंही जिवावर येईल त्याच्यासाठी सगळ्या फायलींना मिळून एक मोठं बटण होतं. त्या मोठ्या बटणाला ताई झाकण म्हणायची. ते दाबलं की कंपायलर त्या दिवशी जे काही बरळला असेल तेच उद्यापासून बरोबर ठरतं, आणि पडद्यावर सगळीकडे हिरवंगार दिसतं.

म्हणून तिनं भांडून एक नियम करून घेतला होता. ज्यानं कंपायलरमध्ये बदल केला त्यानं स्वतःच फायली अॅक्सेप्ट करून मोकळं व्हायचं नाही. टेस्टिंगच्या माणसानं एकेक फाइल वाचायची, संमती द्यायची, मगच बदल आत जायचा. टेस्टिंगचा माणूस म्हणजे ताईच. या नियमामुळे सगळ्यांची कामं तिच्या टेबलावर अडकायची आणि तिच्या पाठीमागे तिला बरंच काही म्हटलं जायचं. साहेब एकदा हसत हसत म्हणाले होते, "ताई, तुम्ही स्वयंपाक होऊ देता, पण वाढू देत नाही." ताईनं ते कौतुक समजून घेतलं.

तिला ताई म्हणायला सुरुवात केली ती धाकट्यानं. धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. तिच्याच शब्दावर तो कंपनीत लागला आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांदेखत तिला ताई म्हणू लागला, म्हणून ती सगळ्यांचीच ताई झाली, साहेबांचीसुद्धा. धाकटा हुशार होता, बोलायला गोड होता, आणि त्याचा हात भराभर चालायचा. कंपायलरच्या गाभ्यात हात घालायला भलेभले घाबरत, तिथे तो शिट्टी वाजवत काम करायचा. ताईला त्याचा फार अभिमान होता. तो दाखवू नये एवढं भान तिला होतं, पण दुसरं कुणी त्याचं कौतुक करायला लागलं की ती उगाचच टेबल आवरायला घ्यायची.

यंदा धाकट्यानं एक चांगलं काम हाती घेतलं. कंपायलरच्या वॉर्निंगची भाषा फार रुक्ष होती, ती त्यानं सुधारायला घेतली. वाक्यं सोपी केली, कुठल्या दोन मेथडमध्ये घोळ आहे ते स्पष्ट सांगायची सोय केली. ताईला हे मनापासून आवडलं होतं. पण वाक्यं बदलली म्हणजे प्रत्येक फाइल जुनी झाली. शेकडो टेस्ट एकदम लाल. आणि नवी आवृत्ती बाहेर पडायचा दिवस तोंडावर आलेला असताना ताई होती इस्पितळात, कारण आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

ताई आईपाशीच राहायची, किंवा आई ताईपाशी, बिनलग्नाच्या मुलीच्या घरात हे दोन्ही एकच. ऑपरेशन झालं, आईला डोळ्यावर पट्टी बांधून बाहेरच्या बाकावर आणून बसवलं, आणि तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. ताईचा एक हात आईच्या दंडाला होता, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून बाकावर ठेवला. आधी त्यानं आईची विचारपूस केली, अगदी नीट केली. मग म्हणाला, "ताई, माझ्या फायलींना तेवढी संमती देऊन टाक ना. तुझ्यावाचून सगळं अडलंय."

"उद्या येते. वाचते आणि देते."

"उद्या उशीर होईल. साहेब इथे माझ्या डोक्यावर बसलेत. अगं, नुसते शब्द बदललेत, दुसरं काही नाही."

"तू वाचल्यास?"

"वाचल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या वाचल्या, ताई. एकूण एक. तुला काय वाटतं, मी झाकण दाबीन?"

ताई हसली. आईही पट्टीखाली हसली, तिला झाकण म्हणजे काय ते माहीत नव्हतं तरी. ताईनं फोन उचलला आणि तिथेच बाकावर बसून संमती देऊन टाकली. दुसऱ्या कुणी मागितली असती तर तिनं फोन बंद करून ठेवला असता.

पुढचं कळायला काही महिने गेले. एका संशोधन संस्थेत रक्ताचे नमुने गोठवून ठेवायचे मोठे फ्रीज होते. त्या फ्रीजचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ताईच्या कंपनीच्या कंपायलरची नवी आवृत्ती घेतली. त्या प्रोग्रॅममध्ये एका नावाच्या दोन मेथड होत्या. पहिली सांगायची की एवढं तापमान ठेव. दुसरी सांगायची की एवढं तापमान एवढा वेळ ठेव, आणि वेळ सांगितला नाही तर काही तास धर, मग सोडून दे. नुसतं तापमान सांगितलं की दोन्ही जुळायच्या. जुना कंपायलर पहिली निवडायचा आणि वॉर्निंग द्यायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ती वॉर्निंग वाचली होती, पहिलीच हवी आहे हे बघितलं होतं, आणि तसंच चालू ठेवलं होतं. नव्या कंपायलरनं दुसरी निवडली आणि तोंडातून शब्द काढला नाही. वॉर्निंग यायची थांबली म्हणून तो बिचारा खूशच झाला. फ्रीजनं सांगितल्याप्रमाणे काही तास थंडी धरली आणि मग सोडून दिली. शनिवार-रविवार संस्था बंद होती.

नमुने एका दुर्मीळ आजाराच्या रोग्यांचे होते. त्यातले बरेच रोगी आता जिवंत नव्हते. ते रक्त पुन्हा कुणाकडून मागून आणता येणार नव्हतं.

ही बातमी आली त्या दिवशी ताईनं ऑफिसात बसून जुन्या फायली काढल्या. वाक्यं बदलताना धाकट्यानं आतली मांडणीही थोडी हलवली होती, आणि त्या हलवाहलवीत ही एक जागा निसटली होती. नेमक्या याच घोळाची टेस्ट तिनं कधीकाळी लिहून ठेवली होती. टेस्टनं आपलं काम चोख केलं होतं, ती लाल झाली होती. शेजारच्या फायलीत जिथे वॉर्निंग असायला हवी होती तिथे काहीच नव्हतं. रिकामी फाइल. ती वाचायला डोळे बारीक करावे लागत नाहीत, उघडावी तेवढी लागते. ती कुणी उघडलीच नव्हती. झाकण दाबलं होतं, आणि खाली संमती होती ताईची.

ताईला रडू आलं नाही, संताप आला. तो आधी स्वतःवर आला, कारण ज्या नियमासाठी तिनं सगळ्यांशी वैर घेतलं तो तिनं स्वतःच एका फोनवर मोडला होता. मग तो धाकट्यावर आला. चूक कुणाचीही होते, मांडणी कुणाच्याही हातून हलते. पण तिनं दोनदा विचारलं होतं, आणि त्यानं दोनदा सांगितलं होतं.

संस्थेची माणसं येणार, मीटिंग होणार, असं ठरलं. आदल्या रविवारी धाकटा आईला बघायला आला. चहा झाला, मुलांच्या शाळेचं झालं, हवापाण्याचं झालं. तो विषय काढत नाही म्हटल्यावर ताईनंच काढला.

"तू वाचल्या नव्हत्यास."

धाकट्यानं कप खाली ठेवला. "ताई, शेकडो होत्या गं. पहिल्या पंचवीस-तीस बघितल्या. सगळीकडे नुसते शब्दच बदललेले होते."

"मग तसं सांगायचंस. मी आले असते. आईला बाकावर बसवून आले असते."

"चुकलं माझं."

"मला सांगून काय उपयोग? तिथे सांग. मी वाचल्या नव्हत्या, आणि वाचल्या म्हणून ताईला सांगितलं. एवढं एक वाक्य. माझं मी बोलेन, न वाचता संमती दिली ती मीच. पण तुझं तू बोलायचं."

"बोलतो."

"नक्की?"

"बोलतो म्हणालो ना, ताई. तुझ्यावर येऊ देईन का मी?"

तो गेल्यावर आई म्हणाली, "बोलतो म्हणालाय ना, आता त्याच्या मागे लागू नकोस. त्याला लहान मुलं आहेत, मोठं घर घेतलंय. तुझं काय, तू एकटी."

"तू तर ऐकलंस ना फोनवर तो काय म्हणाला ते?"

"ऐकलं बाई. कान आहेत मला. पण मला तुमच्यात ओढू नका." थोड्या वेळानं आई आपणहून म्हणाली, "सगळं माझ्या डोळ्यांपायी झालं. दिसत नव्हतं तेच बरं होतं." असं म्हटलं की पुढे काही बोलता येत नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

मीटिंगला संस्थेतर्फे एक पांढऱ्या केसांच्या संशोधक बाई आल्या होत्या. नमुने त्यांनीच जमवलेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, पण त्या अगदी शांत बसल्या होत्या. काय झालं ते साहेबांनी सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "तुमच्या टेस्टमध्ये ही चूक दिसली होती असं तुम्ही म्हणता. मग ती कुणी वाचली?"

"मी सांगतो," धाकटा म्हणाला.

ताईचा जीव भांड्यात पडला. धाकट्यानं फार छान सांगितलं. फळ्यावर दोन चौकोन काढले, बाण काढले, मांडणी कुठे हलली, वॉर्निंग का निसटली, सगळं बाईंना समजेल अशा भाषेत उलगडून दाखवलं. बदल आपण केला हे सांगितलं. खेद व्यक्त केला. सगळं खरं होतं. शेवटी म्हणाला, "आणि मग आमच्या नियमाप्रमाणे फायली टेस्टिंगकडे संमतीला गेल्या." आणि खाली बसला.

ताई थांबली. त्याला वाक्य जुळवायला वेळ लागत असेल, असं वाटून थांबली. तो टेबलाकडे बघत होता. साहेब तिच्याकडे बघत होते.

"मी वाचल्या नव्हत्या," ताई म्हणाली. "संमती मी दिली."

"का, ताई?" साहेबांनी विचारलं.

"आईचं ऑपरेशन होतं. मी इस्पितळात होते." आणि ती पुन्हा थांबली. एवढी जागा तिनं त्याला आयुष्यात कधी करून दिली नव्हती. धाकट्यानं हात पुढे केला, तिच्या ग्लासात पाणी ओतलं आणि ग्लास तिच्यापुढे सरकवला. त्याचे खांदे सैल झालेले तिला दिसले. तो सुटला होता. ते सुटणं बघून ताईला जे वाटलं ते वाईट वाटणं नव्हतं, ती किळस होती.

मीटिंग संपल्यावर संशोधक बाई लिफ्टपाशी ताईची वाट बघत उभ्या होत्या. "तुम्ही न वाचता संमती देणाऱ्यांतल्या वाटत नाही," त्या म्हणाल्या.

"भावानं सांगितलं, सगळ्या वाचल्या म्हणून."

"भाऊ म्हणजे?"

"फळ्यावर समजावून सांगत होता तो."

"मग हे तुम्ही आत का नाही सांगितलंत?"

"तो सांगेल म्हणून थांबले. सांगतो म्हणाला होता."

"त्यानं नाही सांगितलं हे तुम्हीही बघितलंत. मग?"

"भाऊ आहे माझा."

"तुमचा भाऊ आहे, ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण मी विचारलं होतं मोकळेपणानं, आणि तुम्ही दोघांनी मिळून मला अर्धं उत्तर दिलंत. ज्या घरांतून मी ते रक्त आणलं, त्या घरांत मला आता जाऊन सांगायचंय. तिथे मी तुमच्या आईच्या ऑपरेशनचं सांगू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. लिफ्ट आली आणि त्या गेल्या.

तोवर ताईला वाटत होतं की आपण मोठेपणा दाखवला. भावाला पाठीशी घातलं, आपल्या वाटचं आपण घेतलं, यात वाईट काय? आता तिला लख्ख दिसलं. दोघं समोर बसलेले होते, एक भाऊ आणि एक जिचं सगळं वितळून गेलं ती बाई, आणि ताईनं कुणाला कळू न देता त्यातला एक निवडला होता. कंपायलरनं असं केलेलं तिनं जन्मात खपवून घेतलं नसतं. त्या दिवशी घरी जाताना तिला स्वतःची लाज वाटली.

त्याच दिवशी माघारी फिरून साहेबांच्या खोलीत जायला हवं होतं. ती गेली नाही. आज साहेब चिडलेले आहेत, उद्या बघू, असं म्हणाली. मग आईला तपासणीला न्यायचं होतं. मग वाटलं, धाकटा कदाचित साहेबांना एकांतात सांगेल, लोकांदेखत जड गेलं असेल. वेड्या आशेला कारणं कमी पडत नाहीत. असं करता करता फर्मान निघालं. टेस्टिंगचं काम यापुढे धाकटा बघेल, कारण चूक नेमकी कुठे झाली हे त्याच्याइतकं स्पष्ट कुणालाच सांगता आलं नव्हतं. ताईनं जुन्या आवृत्त्यांची मदतपुस्तकं नीट करायची. आणि बदल करणाऱ्यानं स्वतः अॅक्सेप्ट करायचं नाही हा नियम रद्द. त्यामुळे खोळंबा होतो आणि एवढं करून धोका टळत नाहीच, हे सिद्ध झालं होतं.

मग मात्र ताई साहेबांच्या खोलीत गेली आणि फोनवरचं सगळं बोलणं सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. "हे तुम्ही आज सांगताय, ताई."

"उशीर झाला. मान्य आहे."

"मीटिंगमध्ये तुम्हाला मी सरळ विचारलं होतं, का म्हणून. तेव्हा तुम्ही आईचं ऑपरेशन सांगितलंत. आता जागा गेल्यावर भावाचं नाव सांगताय. हे कसं दिसतं?"

"कसं दिसतं ते मला कळतं. पण खरं तेच आहे."

"दुसऱ्या कुणी ऐकलं होतं?"

"आईनं."

साहेब हसले नाहीत एवढंच. "मी तुमचा मान ठेवतो," ते म्हणाले, "म्हणून हे मी ऐकलंच नाही असं समजतो. घरातल्या गोष्टी घरात मिटवाव्यात." आणि त्यांनी ऐकलंच नाही ते संध्याकाळच्या आत धाकट्याच्या कानावर घातलं.

धाकटा तडक घरी आला. चपला न काढताच बोलायला लागला. "मी सांगणारच होतो, ताई. योग्य वेळ बघत होतो. तू आधी जाऊन बोललीस, आता मी काय बोलू? मला जागाच ठेवली नाहीस."

"तुला जागा मी मीटिंगमध्ये ठेवली होती. दोनदा ठेवली. तू पाणी ओतलंस."

"तुझा घसा कोरडा पडला होता," धाकटा म्हणाला, आणि हे त्याला मनापासून वाटत होतं हे ताईला दिसलं. तेवढ्यानं तिचा उरलासुरला जोरही गेला. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं, पण याच्या मनात आता सगळं नीट लागलं होतं. ताई थकली होती, तो तिला सांभाळत होता, आणि तिनं मागून जाऊन घाव घातला.

आईनं काही दिवस ताईशी बोलणं तोडलं आणि मग जाहीर केलं की दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर आपण धाकट्याकडे जाऊ. सून सगळं करते, तिथे निदान शंकाकुशंका नाहीत. ऑपरेशनही तिनं धाकट्याच्या रजेच्या दिवशी ठरवून घेतलं. ते झालं, आणि तो तिला न्यायला आला.

ताईनं कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती. औषधाच्या बाटल्या वेगळ्या काढून तिनं धाकट्याला समजावल्या. ही आधी घालायची, मग थोडा वेळ थांबून ती. ही जेवणाआधी, ती झोपताना. ही फक्त नव्या डोळ्यात, जुन्यात चुकूनही नाही. धाकटा फोनमध्ये बघत मान हलवत होता.

"सांग बघू काय सांगितलं ते," ताई म्हणाली.

"कळलं गं, ताई. सगळं कळलं."

"सांग ना मग. ही कुठल्या डोळ्यात?"

धाकट्यानं बाटलीकडे बघितलं, मग आईकडे बघून हसला. आई वैतागली. "कळलं म्हणतोय ना तो. जिथे तिथे तुझं आपलं तेच. त्याचं कधी काही खरंच धरायचं नाही का?"

"तेव्हाही तो हेच म्हणाला होता, आई. मी धरलं खरं. तुझ्या शेजारी बसून धरलं, तू ऐकलंस."

"ऐकलं," आई म्हणाली. तिनं एका हातानं दाराची चौकट धरली होती. "मी ऐकलं आणि तूही ऐकलंस. मी आई आहे, मी गप्प बसले. पण तुला एवढं खरं बोलायचं होतं तर तिथे बोलायचंस, त्या बाई समोर होत्या तेव्हा. तिथे तोंड शिवून बसलीस, आणि स्वतःचं गेल्यावर वाचा फुटली."

ताईनं पिशवी उचलली आणि खाली गाडीपर्यंत नेऊन दिली.